नळी

वंटमुरीच्या चढाला लाथ मारते, म्हणाल्या हिरेमठ बाई,
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना.
मागून कुणी धडकल्यासारखी.
परवा तर आरशात बघितलं मी. रस्ता मोकळा.

एकोणनव्वदची डिझेल, क्लच नसलेली,
वडिलांनी मस्कतहून आणलेली.
कप्प्यात अजून त्यांची अत्तराची बाटली.
कोल्हापूरचा म्हणाला, गिअरबॉक्स गेला, दीड लाख.
हुबळीचा म्हणाला, विकून टाका.
आता उद्यमबागेत, माझ्या शेडसमोर,
संकेश्वरहून सकाळी सातला निघालेल्या,
सोबत डबा. म्हणजे दिवस जाणार हे धरूनच.

मी किल्ली फिरवून बंद करणार, तेवढ्यात बसलिंग:
"स्वल्प तडी. गरम हाय तोवर बघूया की ओ."

इंजिन चालू ठेवून पट्टी ओढली,
पांढऱ्या फडक्यावर पुसली.
तेल लाल.
नाकाशी नेलं, जळका वास नाही.
दस्तगीर उस्ताद म्हणायचे, आधी नाक, मग पाना.
डाव्या कानानं बहिरे होते ते,
स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून
मूठ दातांत धरायचे
आणि डोळे मिटून सांगायचे कुठला बेअरिंग रडतोय.

बाईंना सांगायला गेलो:
तुमच्या पायाचा जोर किती, हे गिअरबॉक्सला
एका बारक्या नळीतून कळतं.
नळीत काही नसतं.
ते काही नसणं, हाच निरोप.
कुठून हवा शिरली, की त्याला वाटतं
पाय पार खाली दाबलाय,
मग तो अंगावर धावून आल्यासारखा बदलतो.

"म्हणजे सक्शन गेलंय," बाई म्हणाल्या.
दातांच्या डॉक्टर. मी उगीच इतका बोललो.

हातपंप लावला. काटा चढला,
जरा थांबला, उतरायला लागला.
बसलिंग एकेक जोड बोटांत दाबत गेला,
ओंदु, एरडु, मूरु,
नाल्कुला काटा जागच्या जागी.
बॅटरीमागचा रबरी कोपरा, करंगळीएवढा,
आतल्या अंगाला चिरलेला.
वरून बघितलं तर धड.

कोपऱ्याचे साठ रुपये. मजुरी तीनशे म्हटलं,
त्यांनी पाचशेची नोट धरली,
बसलिंग डब्याकडे बघत होता.
कडक भाकरी, शेंगाचटणी, दही.
बॉनेटच्या सावलीत तिघांनी संपवली.

देसूरपर्यंत जाऊन आलो.
पिरनवाडी सुटल्यावर मी कान लावून बसलेलो,
दुसरा कधी संपला, कळलं नाही.
बाई काही बोलल्या नाहीत.
फक्त एकदा आरशात बघितलं.

काल फोन आला.
सकाळी, गाडी गार असताना, पहिल्या वेळेला
अजून एक हलका धक्का देते. एकच.
राहू दे का तसंच?
केबल असेल, म्हटलं. नसेलही.
रविवारी घेऊन या,
रात्रभर इथंच उभी करू.