दोन हात

सातव्या महिन्यात मी परळीला आले
तेव्हा माझी खाट तिथंच होती, लग्नाआधी होती तिथं.
उशाला भिंत, भिंतीपलीकडं लाइटीचं मीटर.
पायथ्याला मात्र नवीन पाहुणा, इन्व्हर्टर,
रात्रभर स्वतःशीच पुटपुटणारा.

फोनवर मी नको नको ते वाचलं होतं.
डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, पक्कं असं कुणीच सांगत नाही,
झोप मात्र नीट घ्या.
मग झोप येईना म्हणून दादांना विचारलं.

दादा म्हणजे मन्मथप्पा वायरमन.
अडतीस वर्षं खांबावर.
उजव्या हाताची दोन बोटं सिरसाळ्याच्या डीपीला देऊन आलेले.
वाटलं, हसतील.

हसले नाहीत. फडताळातून ट्रान्झिस्टर काढला,
काटा परभणी केंद्राच्या जरा अलीकडं आणला
जिथं कुणीच बोलत नाही,
तव्यावर मीठ भाजल्यासारखी नुसती खरखर,
आणि घरभर फिरायला लागले, अनवाणी.
"हे काही मोजायचं यंत्र नाही," म्हणाले,
"पण चुगली करतंय."

फ्रिजपाशी खरखर जाडजूड झाली.
एलईडीच्या बल्बाखाली किंचाळली.
मोबाइल नसलेला चार्जर, उगीच भिंतीला चिकटलेला,
तोही काहीतरी कुरकुरत होता.
देव्हाऱ्यातल्या चायना माळेपाशी रेडिओ असा बोंबलला
की आईनं पदर तोंडाला लावला.
"ती नाही काढायची," ती म्हणाली.
"काढू नको. दिवाबत्तीपुरती लाव."
"कामून? देवाला होतंय का काही?"
दादांना यावर उत्तर नव्हतं.

खाटेपाशी आले. उशीवर रेडिओ ठेवला,
माझं डोकं असतं तिथं.
मी ऐकलं. पुन्हा सांगायला नको.

मग वीतभर सरकवला. मग हातभर.
मग दोन हात. आवाज मऊ झाला,
लांबच्या गिरणीएवढा.
"दोन हात," दादा म्हणाले.
खांबाखाली नव्या पोरांना हेच सांगायचे, लाइनपासून दोन हात.
गफूर दीड हातावर होता.
हे त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत आहे.

अंगणात जाऊन रेडिओ वर धरला,
निलावतीबाईंच्या गच्चीवरल्या टॉवरकडं,
ज्याच्या भाड्यात त्यांच्या नातवाचं कॉलेज चाललंय.
रेडिओ काहीच बोलला नाही.
"ह्याची भाषा वेगळी," दादा म्हणाले.
"ह्या डब्याला ती कळत नाही."
थोडं थांबून म्हणाले, "मलाबी."
पलीकडं थर्मलहून निघालेले मनोरे
हात पसरून ओळीनं शेतांतून चालले होते.
त्यांना सरकवणं कुणाच्या बापाच्यानं होणार नव्हतं.
माझ्याही.

म्हणून जे सरकतं ते सरकवलं.
इन्व्हर्टर ओट्यावर, राखेला झाकण घालून.
वायफायचा डबा दहाला बंद,
त्यावर भाऊ दोन दिवस जेवताना बोलला नाही.
माझा फोन स्वयंपाकघरात, डाळीच्या डब्याशेजारी,
त्यामुळं गजर बंद करायला आईच उठते आणि मला शिव्या देते.
"काही होत असेल, नसेल," दादा म्हणाले,
"खाट ओढायला काय जातंय? घामच ना."

खाट ओढली तेव्हा भिंत उघडी पडली.
तिथं तेलाचा डाग होता, गोल,
मध्ये गडद, कडेला पिवळट,
माझ्या डोक्याएवढा.
चौथीपासून लग्नापर्यंतचा.

दादा त्या डागाकडं बघत राहिले.
ते मीटर त्यांनीच बसवलं होतं.
ही खाटही त्यांनीच मांडली होती,
पोरीला खिडकीचं वारं बाधू नये म्हणून.

रेडिओ हातात तसाच चालू.
मी म्हटलं, दादा, बंद करा आता.

रात्री झोप लागली का, आठवत नाही.
पोटात ते दोनदा फिरलं, एवढं आठवतं.
पहाटे उठले तर दादा अंगणात उकिडवे,
जुन्या बादलीत चुना कालवत होते,
तीन बोटांनी.