एक बूच

शनाभाई म्हणाले, चोंटतुं नथी.
चिकटतच नाही.
सकाळचे सहा, पंप पाठीवर,
आंबुशीचं तीन पाळ्यांचं पान बोटावर धरलेलं,
त्यावर औषधाचा थेंब
गोल, ऐटीत, जावयासारखा टेकलेला.
बोट हललं
आणि थेंब मातीत.

मला हसू आलं.
सव्वीस वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत
मी हेच मोजलं. पृष्ठताण.
काचेच्या नळीतून सुटणारे थेंब मोजायचे,
वहीत आकडा, खाली सही: सु. वि. गुप्ते.
पाणी स्वतःला किती घट्ट धरून बसतं
त्याचा पगार मिळायचा मला.

इथे वासणा रोडला
मी फक्त बी-सातच्या बाई,
मीटिंगमध्ये लॉनवर बोलणाऱ्या.

घरून बाटली आणली.
पंधरा लिटरला एक बूच.
बे नाखुं? शनाभाईंनी विचारलं.
नको. दोन घातली तर हरळीही करपेल,
आणि उरलेलं पानावरून ओघळून जाईल,
काम सांगितलं की
हो हो म्हणत सटकणाऱ्यासारखं.

पुन्हा फवारलं.
या वेळी थेंबाने हट्ट सोडला.
पसरला, पातळ झाला,
पानावर अंग टाकून पडला तो
वाळेपर्यंत उठला नाही.
औषध कालचंच होतं.

शनाभाई काही बोलले नाहीत.
बूच हातात घेऊन वास घेतला, परत दिलं.

मग कुंपणापाशी, गळक्या नळाच्या ओलीत,
गादीएवढी घोळ,
लालसर देठांची, माजलेली.
तिथे त्यांनी दांडा सोडून दिला.
आ तो लूणी छे, बेन.
घरी बायको डाळ घालून करते म्हणाले.
मीही करते, वरून लसणाची फोडणी.
कमिटीच्या यादीत मात्र ती
रुंद पानांचं तण, क्रमांक चार.

मी कमिटीला विचारलं नाही.
वारा पडलेला होता, तरी
चार हात अलीकडेच थांबलो
आणि मध्ये विटा मांडल्या.
शनाभाईंनी एक वीट पायाने
आणखी थोडी लॉनकडे सरकवली.
मी पाहिलं नाही असं केलं.

घरी तीनदा हात धुतले.
बुचावर नेलपॉलिशची लाल फुली केली,
स्वयंपाकघरात कुणी घेऊ नये म्हणून.
कुणी म्हणजे मीच.

मग जुन्या सवयीने वही काढली.
तारीख. वारा नाही. आंबुशी, एक बूच, चिकटलं.
घोळ: लागू नाही.
खाली सही.