ब्लाउजपीस

अमळनेरला, स्टेशनरोडच्या बोळात
माझा जिना रजियाआपांच्या शिलाईदुकानाला लागून आहे.
पाटीवर माझं नाव, खाली 'समुपदेशन',
त्यातला 'स' उन्हानं खाल्लाय.
बाया घरी सांगतात, ब्लाउज टाकायला जाते.
पिशवीत पीस असतो. खरंच असतो.
आपा तो ठेवून घेतात, माप घेत नाहीत,
नुसत्या जिन्याकडे बघतात.

पहिल्या दिवशी मी पाणी देते.
बाई खुर्चीच्या काठावर बसते,
एसटीत दोघांच्या सीटवर तिसरं बसावं तशी.
"मन्हं काही नही ताई, मी बरी शे.
पोराच्या मार्कांचं विचारायचं होतं."
पोराचं बोलतो. मग सासूच्या शुगरचं.
मग मी विचारते,
काल जेवलात ते बसून की उभ्यानं?

हे मला पुस्तकात नाही मिळालं.
आई लग्नाघरी मांडे करायला जायची,
चोपड्यापासून पारोळ्यापर्यंत.
कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झुलवत
इतका पातळ करायची
की पलीकडचा जाळ दिसायचा.
लोक वाहवा करायचे.
पंगती उठल्यावर ती घरून आणलेली
कळण्याची भाकर खायची, भिंतीकडे तोंड करून.
फाटत कसा नाही गं, मी विचारलं एकदा.
"पीठ मुरू दिलं तर नाही फाटत."
पुढे बोलली नाही. खापर तापलं होतं.

आणि तरी मीही, चौतिसाव्या वर्षी,
बँकेबाहेर भर दुपारी उभी,
किल्ली हातात, गाडी कुठली ते आठवेना.
वॉचमननं स्टूल पुढे केलं,
"बठ ना माय जराशी."
माझ्या उपचारपद्धतीचं नाव कुणी विचारलं
तर तेच स्टूल ओठावर येतं.
मी इंग्रजी काहीतरी सांगते.

'नाही म्हणायला शिका' असं मी कुणाला सांगत नाही.
नाही म्हटल्यावर कुठल्या दाराला
आतून कडी लागते, मला ठाऊक आहे.
मी म्हणते, गिरणीत तुमचा नंबर आला
की मागच्या बाईला पुढे जाऊ द्या.
तेवढा वेळ डब्यावर बसा.
दळण काय, होईलच.

एरंडोलची वैजयंता, अंगणवाडीत नोकरी,
घरी दोन म्हाताऱ्या, एक पिणारा दीर.
आठ महिन्यांत तिचे सात पीस
आपांच्या फळीवर जमले.
पहिले तीन महिने ती फक्त इतरांचंच बोलली,
चौथ्यात झोपली. खुर्चीतच.
मी पंखा कमी केला, फोन उलटा ठेवला,
पूर्ण तास जाऊ दिला.

या मंगळवारी रिकाम्या हातानं आली.
घरी काय सांगितलंत?
"सांगितलं, बसायला जाते."
मग काय झालं, ते तिनं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

निघताना आपांनी खालून हाक मारली,
ते सात पीस परत नेतेस का गं?
ती पायरीवर घुटमळली.
"शिवा. बाह्या सैल ठेवा."
मग माप द्यायला थांबावं लागेल, आपा म्हणाल्या.

ती थांबली.