पिशवी क्रमांक ४१७३

पिशवी वरच्या फळीवर ठेवायची नाही,
पायाशी नाही, शेजाऱ्याच्या भरवशावर तर नाहीच.
छातीशी, जॅकेटच्या आत.
आत एक कार्ड, त्यावर नखाएवढी सोनेरी चीप,
चीपमध्ये आमच्या बँकेच्या सगळ्या एटीएमांची
अर्धी किल्ली.

भाकरी अर्धी असली तरी अर्धी भूक भागते.
ही अर्धी एकटी असली की काहीच नाही,
अंगणात शेंगा सांडाव्यात तसे नुसते आकडे.
दुसरी अर्धी धारवाडहून निघालेली, कित्तूरच्या रस्त्यानं,
शिवलीला मुचंडींच्या पर्समध्ये.
आम्ही एका गाडीत बसायचं नाही.
काम होईपर्यंत एका हॉटेलात चहासुद्धा नाही.

कोल्हापूर-बेळगाव, खिडकीची सीट.
कोगनोळी नाक्यावर मोबाईलनं राज्य बदललं,
कंडक्टरनं भाषा.
मी तिकिटाच्या पाठीमागे दर थांब्याला
सीलचा नंबर ताडून खूण करत होतो.
निपाणी: बरोबर.

निपाणीत वखारीतून सुटलेल्या बाया चढल्या,
अंगाला तंबाखूचा उग्र, गोडसर वास.
एकीनं विचारलं नाही, सांगितलं नाही,
पोरगं माझ्या मांडीवर ठेवलं आणि दांडा धरला.
"काय एवढं कवटाळून बसलाय?"
"कागदं."
ती हसली. "कागदाला एवढं कोण जपतंय?"

तवंदी घाटात मला डुलकी लागली असणार.
संकेश्वरला जाग आली तेव्हा चेन अर्धी खाली,
पोराच्या तोंडात पिशवीचा कोपरा, लाळेनं चिंब,
आणि सीलच्या पट्टीवर
लाल अक्षरं वर येत होती: व्हॉइड व्हॉइड व्हॉइड.

उतरताना तिनं पोराचं तोंड पदरानं पुसलं.
"काय बिघाडलं न्हाई न्हवं?"
"न्हाई, न्हाई."

उद्यमबागेतल्या थंडगार खोलीत काळी पेटी बसलेली.
जबरदस्तीनं कुणी झाकण उचकटलं
तर पोटातलं सगळं विसरून जाणारी.
मुचंडींनी बॅटरी लावून पट्टी पाहिली.
"उघडलेली नाही हो."
"ते मला कळतंय की," त्या म्हणाल्या,
"पण आपण उघडली असंच धरायचं."
आवाजात राग नव्हता. संशयही नव्हता.
संशयाचं खातं नियमाकडे दिलेलं असलं
की माणसांना एकमेकांशी नीट बोलता येतं.

कात्रीनं माझं कार्ड कापलं, चीपच्या मधोमध.
मग त्यांचं,
एक ओरखडा न पडू देता आणलेलं.
कापताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही,
एवढे उपकार केले.

फॉर्मवर त्यांची सही कन्नडात, खाली माझी मराठीत.
मग खाली चहा घेतला, आता चालत होतं.
एक रकाना अजून मोकळा: सील बिघडण्याचं कारण.
पेन बराच वेळ तसंच धरून ठेवलं.
शेवटी लिहिलं,
मूल, वय अंदाजे दहा महिने.
दात येत होते.