जाळी

सिल्वेइरा म्हणजे जाळी.
काटेरी, गाय थोपवणारी, शेळीपुढे हात टेकणारी.
एवढं सांगायला सरकार मला पगार देतं,
साव जॉर्ज बेटावर, दप्तरखान्यात, नऊ ते साडेतीन.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
आमच्याकडे नाव घेण्यासारखी नदीच नाही,
म्हणून येणारा प्रत्येक जण कूळ विचारतो.

ऑगस्टात येतात. कॅलिफोर्नियाच्या गोठ्यांतून,
फॉल रिव्हरच्या बंद गिरण्यांमागून,
ब्राझीलच्या दक्षिणेकडून, जिथे म्हणे
टेलिफोनच्या वहीत आमची पानंच्या पानं होती.
सगळ्यांना हवा असतो तो फ्लेमिश माणूस,
ज्याच्या नावाचा अर्थ त्याच्या भाषेत कुंपण;
इथं उतरल्यावर शेजाऱ्यांना उच्चार जमेना
म्हणून त्यानं, सांगतात, कुंपणाचं भाषांतर केलं.
नाव सोडलं नाही, फक्त काटे बदलले.
बरी गोष्ट आहे. तिच्यावर ढाल छापून
विमानतळावर कप विकतात, आठ युरोला.

परवा आला एल्मानो सिल्वेइरा, टुलारेचा.
वय एकाहत्तर, तीनशे गाई, एक गुडघा नवा.
पोर्तुगीज त्याच्या आजीच्या काळातलं;
काडेपेटीला असा शब्द वापरला
जो इथं माझ्या आईबरोबर गेला.

मी वह्या काढल्या. आजा, पणजा,
वाळवीनं खाल्लेली सोळा वर्षं, मग एक मानुएल,
आणि त्याचा बाप झेफेरीनो.
त्याच्यापुढे बाप नाही, आई नाही.
पाद्रीबुवांनी चार ओळींत उरकलंय :
मार्चच्या अकराव्या दिवशी, पहाटे,
दुआर्तच्या कुरणाकडच्या जाळीत सापडला.
अंगावर अर्धी गोधडी, गालावर ओरखडा.
बाप्तिस्मा दिला. आडनाव, जागेवरून.

मी ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हळू,
कारण पहिल्यांदा तो खिडकीबाहेर
कुणाच्या तरी गाई मोजत होता.
कप त्याच्या पिशवीत होता, कागदात गुंडाळलेला.
मग म्हणाला, कुरण कुठंय?

आता सांगते ते नोकरीत बसत नाही.
कुलूप लावून मी त्याला घेऊन गेले.
कुरणाचे मालक किती बदलले, जाळी तीच,
किंवा तिचीच कुणी.
ती नुसती बियांवर विसंबत नाही.
फांदी लांबते, वाकते, आपल्याच वजनानं टेकते,
जिथं टोक मातीला लागेल तिथं मुळं सोडते.
मागचं वाळलं तरी पुढच्याला खबर नसते.
हे मी बोलले नाही. गोठेवाल्याला काय शिकवायचं.

तो बसला, जुन्या गुडघ्यावर,
आणि हात आत घातला, कोपरापर्यंत,
गाय अडल्यावर घालतात तसा.
बराच वेळ.
बाहेर काढला तेव्हा मनगटावर दोन ओरखडे,
मुठीत चार फळं, एक अजून लाल.
तिथंच खाल्ली. लाल माझ्या वाट्याला आलं.

परतल्यावर त्यानं ती ओळ पुन्हा मागितली.
हातमोजे देते म्हणेपर्यंत
बोट टेकलं होतं, जांभळं,
'जागेवरून' या शब्दावर.

नियमानं मी नुकसानीचा अर्ज भरायला हवा.
समोरच पडलाय. खाली पूर्ण नाव लागतं,
लग्नाआधीचं आडनाव, नंतरचं आडनाव.
दोन्ही रकान्यांत मला तेच लिहावं लागणार.