ठण आणि बद्द

पुलाची तपासणी म्हणजे मुख्यतः ऐकणं.
एक हातोडी, टॉर्च, खडूचा तुकडा.
दांड्यावर ठोकायचं. ठण आलं की पुढे सरकायचं,
बद्द आलं की तिथे फुली.
कलिंगड निवडणारा माणूसही याहून वेगळं काय करतो?

एल्म नदीवरचा हा पूल अठराशे सत्त्याऐंशीचा.
ओहायोहून मालगाडीने आला, सुटा,
तुकड्या-तुकड्यावर पांढरे आकडे रंगवलेले.
आयोवाच्या या कोपऱ्यातल्या चेक शेतकऱ्यांनी
तो गहू कापून झाल्यावर जुळवला.
इंग्रजी वाचता येत नव्हतं, आकडे येत होते.
तरी एक तिरपा दांडा चुकलाच:
इंग्रजी सहा उलटा धरला की नऊ होतो.
सवाशे वर्षांवर भार पेलतेय
ती चूकसुद्धा.

आधी तीन टनांची पाटी लागली.
मग गाड्या बंद.
मग उरली गळ टाकून बसणारी पोरं
आणि व्लास्ता काडलेक, वय चौऱ्याऐंशी,
रोज सकाळी पलीकडच्या टपालपेटीपर्यंत,
पत्र येवो न येवो.
वरून वाकून ती मला विचारायची,
"काय म्हणतोय?"
दवाखान्याच्या दाराशी विचारतात तसं.
"ठणठणीत," मी खालून ओरडायचो,
पाणी गुडघ्यापर्यंत, हातात खडू,
आणि समोर चौथा खण,
जिथे पिन झिजून सैल झालेली
आणि फुलीवर फुली.

अहवाल मीच लिहिला.
सही माझीच.

काउंटीच्या पत्रकात जाहिरात आली:
पूल. फुकट. नेणाऱ्याने स्वखर्चाने न्यावा.
त्याच्याच खाली मांजरीची चार पिल्लं,
अट तीच.
पिल्लं आठवड्यात गेली.

पुलासाठी तीन महिन्यांत एक फोन.
"सगळा नको," व्लास्ता म्हणाली,
"एक खण द्या. चौथा."
मी समजावलं, कैचीतून एकच खण काढता येत नाही,
एकाचा ताण दुसऱ्याचा दाब असतो,
एक सुटला की सगळे—
"पाडणारच आहात ना?"
मी गप्प.
"मग चौथा. वारा सुटला की तो बोलतो.
बाकीचे नुसते उभे असतात."

मला माहीत होतं तो का बोलतो.
सांगितलं नाही.

नोव्हेंबरात ड्वेन श्टुम्फ क्रेन घेऊन आला.
दुपारपर्यंत नदीवर नुसतं आभाळ होतं,
आणि गळवाली पोरं दोन्ही काठांवर,
एकमेकांना हाका मारत.

एप्रिलमध्ये गेलो तिच्याकडे.
चौथा खण परसात, लाकडाच्या ओंडक्यांवर,
खालून ना नदी, वरून ना ओझं.
हातोडी मुद्दाम गाडीत ठेवली होती.
तिने स्वयंपाकघरातून डाव आणला,
सुपाचा, अजून ओला,
आणि ठोकलं.

आम्ही दोघांनी कान दिला.
शेजारचा कुत्रासुद्धा थांबला.
जे आलं ते ठण नव्हतं, बद्दही नव्हतं;
माझ्या फॉर्मवर त्याला रकाना नाही.
"हिवाळाभर गप्प होता," ती म्हणाली,
"जागा बदलली की माणसाचंही होतं तसं,"
आणि डाव ॲप्रनला पुसत आत गेली.

सांध्यावर माझी फुली अजून होती.
आख्ख्या हिवाळ्याने पुसली नव्हती.
खिडकीत ती दिसत नाही असं बघून
मी अंगठ्याला थुंकी लावली.