किती होत्या?

गॅलरीतल्या ओव्याच्या कुंडीत
रात्रीतून उगवल्या होत्या.
बोटाच्या पेराएवढ्या, पिवळट,
काडीला टोपी घातल्यासारख्या.
मी पाहिल्या होत्या सकाळी.
म्हटलं, दुपारी मुलं झोपली की उपटीन.

माझ्याकडे पाच मुलं. कन्नमवार नगर, तळमजला,
एक सतरंजी, एक लाकडी फाटक, नऊ ते सात.
कैवल्य सगळ्यात लहान. सगळं खातो:
खडू, चपलेचा बंद, भिंतीचा पोपडा.
भात तेवढा खात नाही.

गॅलरीतून आला तो हसत,
हनुवटीला माती.
म्हणाला, "छत्री मंमं."

मी तोंडात बोट घातलं. चावला.

निघताना उरलेल्या उपटून घेतल्या मातीसकट,
त्याच्याच डब्यात, हत्तीच्या.
बाकी चौघं समोरच्या पाठारेंकडे ढकलली
आणि रिक्षावाल्याला नुसतंच "चल, चल" म्हणत राहिले,
कुठे ते सांगायचं राहिलं.

राजावाडीत डॉक्टरीणबाईंनी डबा उघडला.
"या पाच. सकाळी किती होत्या?"

दुधाचा हिशेब मला तोंडपाठ.
शेंगदाणा कुणाला चालत नाही,
कोण कुठल्या कुशीवर झोपतं,
कुणाच्या बापाने मे महिन्याचे दोनशे थकवलेत.
त्या मोजल्या नव्हत्या.
कुत्र्याची छत्री कोण मोजतं?

"सात," म्हटलं.
मग म्हटलं, "सहा."

त्याची आई आली,
गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच.
मला काही बोलली नाही.
डब्याकडे पाहिलं फक्त.
सकाळी तिने त्यात शिरा भरला होता.

दोनदा ओकला. दुसऱ्यांदा माझ्या पदरात.
मग सलाईन, आणि दर तासाला
डोळ्यांत बॅटरी मारून जाणं.
"काहींचं विष उशिरा बोलतं," बाई म्हणाल्या,
"उद्याही थांबा."

उद्याही थांबलो. ती आत, मी बाहेर बाकावर.
तिसऱ्या दिवशी आतून त्याचा आवाज आला.
भात मागत होता.
भात!

एक तारखेला पाकीट आलं.
पूर्ण महिन्याचे पैसे, खाडे न कापता.
चिठ्ठी नव्हती.

कुंडी मी फेकून दिली, ओव्यासकट.
फरशीवर गोल डाग राहिलाय, घासून जात नाही.

त्याच्या निळ्या चपला अजून फाटकाशीच आहेत.
मी सरळ लावून ठेवते, डावी डावीकडे.
तो उलट्या घालायचा.